गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

इंटरनेटने संगीत सर्वांना खुले केले, असे आज सर्रास म्हटले जाते. कोणीही गावे, कोणीही ऐकावे. मध्ये ना आकाशवाणीचा परीक्षक, ना कंपनीचा मालक. या विधानात तथ्य किती आणि भाबडेपणा किती, याचा हिशेब आपण आपल्या जागेवरून मांडला पाहिजे. 'खुले' या शब्दाचा आपल्याला जुना अनुभव आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने त्याला धरून १९२४ साली चवदार तळे खुले केले. तरीही त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. ठरावाने खुले होणे आणि प्रत्यक्षात हक्क मिळणे यांत किती अंतर असते, हे ज्या समाजाला माहीत आहे त्याने 'इंटरनेट सर्वांना खुले आहे' या वाक्यापुढेही तोच प्रश्न उभा केला पाहिजे.

संगीताच्या साऱ्या विश्वाचा आढावा घेण्याचा माझा विचार नाही. मी आंबेडकरी गाण्याबद्दल आणि त्याच्या नात्यातल्या, देशाच्या इतर भागांतील गाण्याबद्दल बोलणार आहे. हे गाणे मूळचेच स्वतंत्र आहे. आज 'स्वतंत्र कलावंत' हा शब्द नव्याने रूढ झाला आहे; कंपनीशिवाय, चित्रपटाशिवाय, स्वतःच्या बळावर गाणारा असा त्याचा अर्थ सांगितला जातो. त्या अर्थाने आपले सगळे जलसेवाले, शाहीर आणि गायनपार्ट्या आरंभापासून स्वतंत्रच होत्या. फरक एवढाच की, त्यांचे स्वातंत्र्य त्यांनी निवडलेले नव्हते. त्यांना दुसरीकडे जागाच नव्हती.

१

या गाण्याची वाट सत्यशोधकी जलशांनी घालून दिली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा सांगाडा घेऊन त्यात नवा आशय भरला. सवाल-जवाब राहिला; सवाल मात्र बदलला. देव, देऊळ, मेलेली ढोरे, शिक्षण, सावकार असे विषय आले. जलसा ही करमणूक होती, सभा होती आणि रात्रशाळाही होती. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) खेड्यापाड्यांतून पायपीट करून आपली गाणी लोकांच्या ओठांवर ठेवली. या सगळ्या काळात गाणे ऐकण्यासाठी माणसाला माणसांत यावे लागे.

१९८० च्या दशकात कॅसेट आली. कॅसेटने गाणे स्वस्त केले आणि वस्तीवस्तीत पोहोचवले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ज्या घरांत पोहोचला त्यांतील अनेक घरांत छापील पुस्तक पोहोचले नव्हते. पण कॅसेटबरोबर व्यापारी आला. कवीला एकरकमी काही रुपये द्यायचे, कागदावर सही घ्यायची आणि गाणे कायमचे आपले करायचे, ही रीत सर्वत्र रूढ झाली. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर चटईवर मांडलेल्या कॅसेटी, पुढे सीडी, आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यानंतर मोबाइलच्या दुकानात पाच-पंचवीस रुपयांत मेमरी कार्ड भरून घेण्याचे दिवस आले. त्या कार्डात गाणी शेकड्यांनी असत. कवीचे नाव एकाही गाण्याला नसे.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला. खरा बदल येथून सुरू होतो. या बदलाने जे दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कडुबाई खरात एकतारीवर गातात. त्यांचा आवाज मोबाइलवरच्या चित्रफितींतून महाराष्ट्रभर गेला. कॅसेटच्या काळात अशा बाईच्या दारात कोणता व्यापारी आला असता? जालंधरच्या गिन्नी माहीने रविदासिया समाजाची अस्मिता पंजाबी पॉपच्या ठेक्यावर मांडली. ओरिसाच्या कोरापुटमधून आलेल्या सुमीत सामोसने जातीचा प्रश्न रॅपमध्ये आणला. २०१७-१८ मध्ये चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद उभा राहिला आणि गाना ही उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतली, मर्तिकाच्या घरी गायली जाणारी गायकी रंगमंचावर आली. हे सगळे नागपूर-नांदेडच्या मुलांनी ऐकले. परस्परांची भाषा न जाणणारे दलित तरुण एकमेकांचे गाणे ऐकू लागले, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातील साधी घटना नव्हे.

श्रोत्यांतही एक मोठी भर पडली, तिची फारशी चर्चा होत नाही. जलसा आणि गायनाचा मुकाबला रात्रभर चाले. मागे स्त्रिया बसत, पण घर, लेकरे आणि उद्याची मजुरी सांभाळून बसत. आज भाकरी थापताना, शिवणयंत्रावर बसताना, लोकलमधून कामाला जाताना ती बाई तिला हवे ते गाणे हव्या त्या वेळी ऐकते. कोणते गाणे लावायचे हे मंडळाचा अध्यक्ष ठरवत नाही. हे स्वातंत्र्य लहान नाही.

२

आता उलट बाजू पाहू. आपल्या मौखिक परंपरेत मालकी नोंदवण्याची एक पद्धत होती. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव येते. चोखोबांचे नाव सातशे वर्षे टिकले ते कोणत्याही सरकारी दप्तरामुळे नव्हे. त्यांच्या अभंगातच ते गुंफलेले आहे. ही नाममुद्रा शाहिरांनी चालू ठेवली. वामनदादांच्या किती तरी गीतांच्या शेवटी 'वामन' येतो. ज्याला जमीन नाही, छापखाना नाही, दप्तर नाही, त्याने आपला सातबारा गाण्याच्या पोटात लिहून ठेवला होता. गाणे पूर्ण म्हटले की कवीचे नाव घेतलेच जाई. गायकाला ते टाळता येत नसे.

मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या रीलने नेमका हा शेवटचा चरण कापला. रीलला मुखडा लागतो, अंतऱ्याशी तिला कर्तव्य नाही. डीजेच्या मिश्रणातही मुखडाच पुन्हा पुन्हा येतो. परिणाम असा की, जे गाणे लाखो लोक ऐकतात त्याच्या कवीचे नाव त्यांच्या कानावर पडतच नाही. कॅसेटवाल्याने कवीचे नाव वेष्टनावरून वगळले, तरी गाण्याच्या आतली मुद्रा त्याला खोडता आली नव्हती. ते काम आता कोणाच्याही दुष्ट हेतूशिवाय, आपोआप होते आहे.

इंटरनेटवर नावाची नोंद गाण्याबाहेरच्या एका तक्त्यात असते. गाणे चढवताना गायक, कवी, संगीतकार, निर्माता, वर्ष अशी माहिती भरायची असते. गाणे वाजले की पैसा कोणाकडे जाणार हे हा तक्ता ठरवतो. मेहनत कोणाची हे विचारले जात नाही. मी जी जुनी भीमगीते यूट्यूबवर ऐकतो त्यांतील अनेकांखाली कंपनीचे नाव ठळक असते, गायकाचे नाव असते आणि कवीची जागा रिकामी असते. कधी तेथे 'पारंपरिक' असे लिहिलेले असते. ज्या कवीला आपल्या आईवडिलांनी समोर बसून ऐकले, तो पारंपरिक कसा? परंपरेच्या नावाने माणूस पुसून टाकण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

पुढे आणखी एक यंत्र आहे. यूट्यूबकडे २००७ पासून ध्वनीची ओळख पटवणारी व्यवस्था आहे. ज्याच्याकडे गाण्यांचा मोठा साठा आहे तो मालक आपली ध्वनिमुद्रणे तेथे नोंदवतो. मग कोणीही तेच ध्वनिमुद्रण चढवले तर यंत्र ते ओळखते आणि ते बंद करायचे की त्याच्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे घ्यायचे, हे मालक ठरवतो. ही सोय एकट्या शाहिराला थेट मिळत नाही. ती मोठ्या साठेदारांसाठी आहे, लहानांनी मध्यस्थामार्फत जावे. म्हणजे ज्याने चाळीस वर्षांपूर्वी एकरकमी गाणे घेतले त्याच्या हाती पहारेकरी आहे, आणि ज्याने गाणे रचले त्याच्या नातवाने आजोबांची कॅसेट चढवली तर तो चोर ठरू शकतो.

३

नव्या पिढीच्या, नव्या जाणिवेच्या कलावंताचे तरी बरे चालले आहे काय? यासाठी 'एंजॉय एंजामी' या तमिळ गाण्याचे उदाहरण तपासण्यासारखे आहे. मार्च २०२१ मध्ये ते यूट्यूबवर आले. धी आणि अरिवू यांनी ते गायले. संगीत-निर्मिती संतोष नारायणन यांची. अरिवूची आजी श्रीलंकेतील चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीनांपैकी. आयुष्यभर जमीन कसली, झाडे लावली आणि हाती काहीच उरले नाही, अशा माणसांची ही कहाणी आहे. त्यात ओप्पारीची, मर्तिकाच्या विलापगीताची धाटणी आहे. चित्रपटाचा टेकू नसलेले हे गाणे कोट्यवधी वेळा पाहिले गेले. इंटरनेटने कलावंत मुक्त झाला, याचा पुरावा म्हणून ते दाखवले जाऊ लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' या मासिकाच्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक कलावंत झळकले, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला, मग मासिकाने अरिवूचे वेगळे मुखपृष्ठ काढले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईतील बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात हे गाणे अरिवूशिवाय सादर झाले. गाणे आपण रचले, लिहिले, गायले, असे त्याने तेव्हा जाहीरपणे मांडले. धी आणि संतोष नारायणन यांनी श्रेयाची आपली वेगळी बाजू मांडली. त्या वादाचा निवाडा येथे करायचा नाही. पण मार्च २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनीच सांगितले की, या गाण्याचा एक पैसाही तोवर आपल्या तिघांपैकी कोणाला मिळालेला नाही. आणि त्याचा दोष त्यांनी गाणे काढणाऱ्या कंपनीला दिला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पाहणाऱ्यांचा आकडा आणि कलावंताच्या घरची चूल यांचा संबंध आपोआप जुळत नाही. दुसरी, श्रेय वाटताना जात जागी होते. गाणे गाजेपर्यंत दलित कवीचा अनुभव हवा असतो. गाजल्यावर मुखपृष्ठासाठी दुसरा चेहरा शोधला जातो. भूमिहीनांचे गाणे, आणि त्या गाण्यातही रचणारा भूमिहीन!

४

पैशाची व्यवस्था कशी चालते हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण तिच्याविषयी फार गैरसमज आहेत. एका गाण्याला एका ऐकण्यामागे ठरावीक पैसे मिळतात, असे पुष्कळांना वाटते. स्पॉटिफायसारख्या मंचावर वर्गणीचा आणि जाहिरातीचा पैसा एका राशीत जमा होतो. मंच आपला हिस्सा काढून घेतो, आणि उरलेली रास एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटली जाते. परभणीच्या एखाद्या विद्यार्थ्याने वर्गणी भरून महिनाभर केवळ शाहिरांची गाणी ऐकली, तरी त्याची वर्गणी फक्त त्या शाहिरांकडे जात नाही. ती राशीत मिसळते आणि तिचा मोठा भाग सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या चित्रपटगीतांकडे जातो. खळ्यावरची रास आणि तिच्यातून शेवटी पदरात पडणारे बलुते ज्यांनी पाहिले, त्यांना ही व्यवस्था नवी वाटू नये.

शिवाय उंबरठे आहेत. २०२४ पासून स्पॉटिफायवर जे ध्वनिमुद्रण मागील बारा महिन्यांत १००० वेळा ऐकले गेले नाही त्याला त्या राशीतून काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा तर १००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४००० तास पाहणे, किंवा छोट्या चित्रफिती ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिल्या जाणे, ही अट आहे. आपली गाणी एप्रिलात आणि डिसेंबरात भरभरून वाजतात, इतर महिने ओसरतात. चळवळीच्या पंचांगावर चालणाऱ्या गाण्याला हे मोजमाप कसे मानवणार?

आणि ही सगळी वस्ती दुसऱ्याच्या जागेवर आहे. २०२० च्या जूनअखेर सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण खेड्यांतल्या, झोपडपट्ट्यांतल्या असंख्य मुलामुलींनी तेथे जमवलेला श्रोता एका रात्रीत गेला. त्यांच्या हाती ना पत्ता उरला, ना नोंद.

५

आता खुद्द गाण्याविषयी. समीक्षेचे काम केवळ शोषणाची तक्रार करण्याचे नाही. आपले गाणे कसे बदलते आहे हेही तिने सांगितले पाहिजे.

गाण्यांच्या मंचांवर भीमगीते अनेकदा 'भक्तिगीते' या कप्प्यात ठेवलेली आढळतात. वरवर पाहता ही कारकुनी बाब वाटते. पण कप्पा ठरला की शेजार ठरतो, आणि शेजार ठरला की श्रोत्यापुढे पुढचे गाणे कोणते येणार हेही ठरते. बाबासाहेबांवरचे गाणे संपते आणि यंत्र आरती लावते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्ती हा अधोगतीचा मार्ग आहे, असा इशारा ज्या माणसाने दिला त्याच्यावरची गाणी भक्तीच्या कप्प्यात! आणि दोष फक्त यंत्राचा नाही. त्या कप्प्यात जे चालते ते आपले नवे गायकही गाऊ लागले आहेत. जयजयकार वाढला, सवाल कमी झाला. विहीर, वेठबिगारी, नोकरी, हुंडा, आपल्यातली पोटजात, आपल्या पुढाऱ्यांची विक्री हे विषय जलशात होते. तीन मिनिटांच्या ठेक्यात ते मावत नाहीत, असे सांगितले जाते. रॅप गाणाऱ्या मुलांनी ते तीन मिनिटांतही मावतात हे दाखवून दिले आहे. तेव्हा सबब लांबीची नाही, इच्छेची आहे.

दुसरा बदल ऐकण्यातला आहे. आपले गाणे कानापुरते कधीच नव्हते. कर्ण्यावरून लागलेले गाणे ही गावाच्या हवेवरची आपली हक्काची नोंद होती. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांवरच्या गाण्यावरून भांडण पेटले, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले. हा तरुण एक 'श्रोता' होता. मंचांच्या हिशेबात त्याचे ऐकणे एका आकड्याएवढे. गावाच्या हिशेबात ते आव्हान होते. संगीताच्या क्रांतीवर लिहिणाऱ्या इंग्रजी लेखकांना श्रोता म्हणजे निवड करणारा ग्राहक दिसतो. गाणे मोठ्याने ऐकण्याची किंमत जिवाने मोजणारा श्रोता त्यांच्या चर्चेत नाही.

म्हणून इअरफोनमधल्या गाण्याकडे मी संमिश्र भावनेने पाहतो. ते सुरक्षित आहे, आणि असुरक्षित गावात सुरक्षितता क्षुल्लक नसते. पण शंभर माणसे एकाच रात्री शंभर इअरफोनमधून तेच गाणे ऐकतात तेव्हा सभा भरत नाही. जलशात श्रोता उठून शंका विचारी, शाहीर उत्तर देई, चुकीचे बोलला तर म्हातारी बाई त्याला तेथेच टोकत असे. यूट्यूबच्या गाण्याखाली हजार 'जय भीम' असतात आणि त्यांत मिसळलेल्या जातीवाचक शिव्याही असतात. संवाद मात्र क्वचित असतो.

६

यावर उपाय इंटरनेटकडे पाठ फिरवण्याचा नाही. तळे आपले आहे असे म्हणून पाणी घेतले पाहिजे. काही कामे मंडळे, शिक्षक आणि विद्यार्थी आजच करू शकतील.

पहिले काम नावाचे. कोणतेही गाणे चढवताना कवी, गायक, वादक, गाव आणि वर्ष लिहावे. 'पारंपरिक' लिहिण्याआधी चार म्हाताऱ्यांना विचारावे. आणि गाताना शेवटचा चरण सोडू नये. रील करायची तर मुद्रेच्या चरणाची करावी.

दुसरे काम कायद्याचे. मुदत न लिहिलेला हक्क-हस्तांतराचा करार पाच वर्षांपुरताच मानला जातो, हे आपल्या किती कवींना माहीत आहे? २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा असा हक्क ठरला आहे की, तो वारस किंवा हक्कसंस्था सोडून कोणाला देऊन टाकता येत नाही. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालतो. म्हणजे वामनदादांच्या रचनांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. जुन्या करारांना नवे नियम कितपत लागतात हा वादाचा मुद्दा आहे, म्हणून आपल्या वकिलांनी एकेका शाहिराच्या घरी जाऊन ते कागद वाचले पाहिजेत. आयपीआरएस या हक्कसंस्थेचे सभासदत्व कवींनी, त्यांच्या वारसांनी घेतले पाहिजे.

तिसरे काम संग्रहाचे. शाहिरांच्या वह्या, घरातल्या कॅसेटी, मुकाबल्यांची ध्वनिमुद्रणे बुरशीला आणि उंदरांना देऊ नयेत. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी ती उतरवून घ्यावीत. एक प्रत मंचावर आणि एक आपल्या कपाटात असावी. मंच आज आहे, उद्या असेलच असे नाही.

चौथे काम पैशाचे आणि सभेचे. १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीवर जी मंडळे हजारोंनी खर्च करतात त्यांनी त्यातला वाटा जिवंत शाहिराला द्यावा, त्याला गावात बोलवावे, रात्रभर बसावे, प्रश्न विचारावेत. आपण ऐकलेल्या कित्येक महिन्यांच्या गाण्यांतून जे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही ते एका रात्रीच्या मानधनातून पोहोचेल. आणि इंटरनेटवर ज्याचा आवाज ऐकला त्याला समोर बसून ऐकायला माणसे येतील, हा इंटरनेटचा खरा उपयोग आहे.

समीक्षकांसाठीही एक काम उरते. आपण दलित कवितेवर, आत्मकथनांवर कपाटे भरतील इतके लिहिले. गाण्यावर अगदी थोडे. किती लाखांनी पाहिले हा आकडा म्हणजे समीक्षा नव्हे. कोणते गाणे प्रश्न विचारते, कोणते केवळ आरती करते, कोणत्या चालीत शब्द गुदमरतात, हे नावानिशी लिहिले गेले पाहिजे. शाहिरांनी आपल्या मागच्या चार पिढ्यांना गाण्यातून शिकवले. त्यांची नावे, त्यांच्या वह्या आणि त्यांचा हक्काचा पैसा यांचा हिशेब ठेवण्याइतके तरी आपण आता शिकलेलो आहोत.